टेपनं मोजलेले दोन मीटर

१

ज्यानं कुणी तो कॅमेरा विकायला काढला, त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय कुणी खोक्यात चिठ्ठी टाकून त्यावर 'अंतर अचूक दाखवतो' असं लिहीत नाही, आणि 'अचूक'खाली दोन रेघा तर मुळीच ओढत नाही. लोक 'चांगला चालतो' लिहितात, 'ओरखडे नाहीत' लिहितात. ज्याला एवढं लिहिता आलं, त्याला आणखी एक ओळ लिहायला काय झालं होतं? पण नाही. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता काळ्या शाईनं खोडून तो मोकळा झाला.

अर्थात हे तिला फार नंतर सुचलं. खोकं आलं त्या सकाळी ती नुसती नाचायची बाकी होती.

कॉलेज संपून वर्ष झालं होतं आणि जगाला सुटलेली घाई तिला बघवत नव्हती. जो तो खिशातून फोन काढतो, एकाच चेहऱ्याचे चाळीस फोटो काढतो आणि त्यातला एकही धड बघत नाही, यावर ती रोज जेवताना भाषण देई. तिला चेहऱ्यांना वेळ द्यायचा होता. कोपऱ्यावरचा कुलूपवाला, शिवणकाम करणाऱ्या बाई, बेकरीतला भट्टीवाला, या सगळ्यांना ती फिल्मवर उतरवणार होती. एकेकाला सावकाश, मान देऊन. गंमत अशी, की तिच्याइतकी घाई त्या घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती. बाबा तिला 'घाईबाई' म्हणत.

"एका रोलवर फक्त दहा फोटो निघतात बाबा. दहा! म्हणजे प्रत्येक वेळी आधी विचार करावा लागतो."

"आणि विचार करून होईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो," बाबा म्हणाले.

घरात ही दोघंच. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन त्यांनी तराजू तपासले, मापं तपासली, कापडवाल्यांच्या मोजपट्ट्या तपासल्या. खोट्या मापावर शिक्का म्हणून मारला नाही. आई सांगायची, "बघायला आले होते तेव्हा यांना विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाले, पाच फूट दोन इंच."

२

कॅमेरा क्लबच्या पत्रिकेत तिला लेख लिहायचा होता, म्हणून वहीचं एक पान मधोमध रेघ मारून तिनं दोन भागांत वाटलं. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.

फायदे भराभर लिहून झाले. निगेटिव्ह काडेपेटीहून मोठी, त्यामुळे भुवईचा केस न् केस येतो. आत आरसा नाही, म्हणून खटका नाही. शटर पडतं ते घड्याळाच्या एका टिकेइतकं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. बघायच्या खिडकीत चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं, म्हणजे कोण येतंय ते आधी कळतं. तोटे लिहिताना तिचा हात जरा जड झाला. खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, म्हणजे आपण बघतो ते फिल्म बघत नाही. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसत राहतं. आणि एक मीटरच्या आत जाता येत नाही; माणूस कितीही आपला असो, एक मीटर लांब राहायचं.

बाबांना मात्र त्यातलं तिसरंच काही आवडलं. खिडकीच्या मध्यावर अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचा एक फिकट पिवळा चौकोन होता. त्या चौकोनात समोरच्या वस्तूची दुसरी, पुसट प्रतिमा दिसे, मूळ वस्तूच्या जरा बाजूला. लेन्सवरची रिंग फिरवली की ती सरकत सरकत येई आणि पहिलीवर नेमकी बसे. बसली, की वस्तू फोटोत स्पष्ट येणार. आणि ती किती लांब आहे, तो आकडा रिंगवर.

"म्हणजे हे माप आहे," बाबा खुर्चीतून उठलेच. "माप आहे तर तपासायला नको?"

त्यांनी कपाटातून पोलादी टेप काढली. दुपारचे तीन वाजले होते, खोलीत भरपूर उजेड होता. कॅमेरा स्टुलावर ठेवला. कपाटाची मूठ: टेपनं दीड मीटर, कॅमेऱ्यानं दीड. दाराची कडी: टेपनं तीन, कॅमेऱ्यानं तीन. भिंतीवरचं घड्याळ, नळ, आईचा फोटो. एकही आकडा चुकला नाही. बाबा प्रत्येक वेळी लग्नातल्या मानकऱ्यासारखी मान हलवत होते.

"आता मी," म्हणत ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. टेपचं टोक त्यांनी स्वतः नाकाला लावलं. "किती?"

"बरोबर दोन."

तिनं डोळा खिडकीला लावला. पिवळ्या चौकोनात बाबांचा पुसट चेहरा मूळ चेहऱ्याच्या डावीकडे होता. तिनं रिंग दोनवर आणली. चेहरे जुळले नाहीत. दोन्हींच्या मध्ये नखभर फट राहिली. तिनं रिंग आणखी फिरवली, तेव्हा एक चेहरा दुसऱ्यात विरघळला.

रिंगवर तीनचा आकडा होता.

"तुम्ही हललात."

"मी?" बाबा म्हणाले. "तीस वर्षं तराजूच्या काट्यासमोर श्वास रोखून बसलोय मी."

३

पाच फोटो टेपच्या आकड्यावर आणि पाच कॅमेऱ्याच्या आकड्यावर काढले, म्हणजे खोटं कोण ते फिल्मच सांगेल, असं तिनं ठरवलं. तिनं न्हाणीघरात फिल्म धुतली, चिमट्यानं दोरीवर टांगली, वाळल्यावर खिडकीच्या काचेला लावली आणि त्यावर भिंग ठेवलं.

टेपच्या आकड्यावरच्या पाचांत खुर्चीचा वेत धागा न् धागा मोजता येईल असा आला होता. त्यात बसलेले बाबा धुरकट होते.

कॅमेऱ्याच्या आकड्यावरच्या पाचांत बाबा स्पष्ट होते. चष्म्याच्या काडीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. खुर्ची धुरकट होती. खुर्चीचे हात, त्यावरचे बाबांचे हात; लाकूड पुसट आणि बोटं लखलखीत, एकाला दुसरं टेकलेलं असून.

वहीत तोट्यांच्या बाजूला तिनं लिहिलं: रेंजफाइंडर चुकतो. मग दाराची कडी आठवली, आईचा फोटो आठवला आणि तिनं ते खोडलं. फिल्म वाकली असेल, असं लिहिलं. तेही खोडलं. फिल्म वाकायची तर खुर्ची आणि बाबा दोघांसाठी वाकेल.

दुसऱ्या दिवशी बाबा पाच मीटरवर होते. टेपनं दोन.

४

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. म्हातारा माणूस, कपाळावर वर सारलेलं भिंग, समोर काचेचा अरुंद काउंटर आणि मागे भिंतभर उघडी पोटं घेऊन पडलेले कॅमेरे. त्यानं हा कॅमेरा हातात घेऊन रिंग कानाशी फिरवून बघितली.

"जिवंत आहे. काय तक्रार?"

"एका माणसाचं अंतर चुकीचं दाखवतो."

"एका? आणि बाकीच्यांचं?"

"बरोबर."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. पण काम त्यानं चोख केलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, दाराबाहेर जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीवर रिंग अनंतापर्यंत नेऊन बघितली. त्या टोकाला रिंगवर आडवा पडलेला आठ कोरला होता. मग म्हणाला, "आता तुम्ही. काउंटरला टेकून उभ्या राहा. हात काचेवर. हं... एक मीटर. चोख."

"मग?"

"मग काय? कॅमेरा शहाणा आहे, ताई. ज्याच्यावर लावताय त्याला आणा दुरुस्तीला."

स्वतःच्या विनोदावर तो खोकेपर्यंत हसला. हसायला तिचीही हरकत नव्हती. ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत होते. त्यांनी हाक मारली, "आलीस?" आणि ती हाक जरा मोठी होती. पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला मारावी इतकी मोठी.

५

"ओरडता काय बाबा?"

"मी ओरडतोय? तूच अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलतेस. लांबून बोलल्यासारखी."

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं. त्यांनी कानात यंत्र घातलं, बटणं दाबली, कागदावर रेघ काढली. "या वयात असे कान म्हणजे नशीब," म्हणाले. येताना बसमध्ये बाबा तिच्या शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागलेला, आणि ती एकेक वाक्य दोनदा सांगत होती.

त्या संध्याकाळी उजेड असतानाच बाबा म्हणाले, "तो कॅमेरा आण इकडे. तूच सारखी मला मोजतेस. मी तुला मोजतो."

ती स्टुलावर बसली. टेपनं दोन मीटर. बाबांनी चष्मा कपाळावर सारला, कॅमेरा डोळ्याला लावला. रिंग फिरायला लागली. जुन्या ग्रीसचा तो ओलसर, बारीक आवाज खोलीत येत राहिला. येत राहिला. एकवरून दोनवर यायला रिंगला चिमूटभर फिरावं लागतं. हा आवाज त्याहून फार जास्त वेळ चालला. मग थांबला. बाबा तसेच बघत होते, कॅमेऱ्यामागे त्यांचं तोंड तेवढं दिसत होतं. तोंडावर काही नव्हतं.

"किती?" तिनं विचारलं.

तो बारीक आवाज पुन्हा आला, या वेळी उलटा.

"दोन," बाबा म्हणाले. "बरोबर दोन." आणि कॅमेरा परत दिला. रिंगवर दोनच होतं.

तिच्या जिवात जीव आला. निदान एका बाजूनं तरी माप खरं होतं. मोजणारे बाबा होते. आणखी काय हवं?

६

पुढच्या आठवड्यात बाबा दहाच्या पुढे गेले. दहाच्या पुढे रिंगवर आडवा आठ सोडून काही नसतं. सोमवारी ते त्या आठवर आले, आणि मंगळवारी रिंग टोकाला टेकली तरी दोन चेहऱ्यांमध्ये केसाएवढी फट उरली. याच्यापुढे कॅमेऱ्याकडे मापच नव्हतं.

बाबा चहाचा कप बशीत ठेवत होते. कप ठेवला गेला. मग 'टण्' आवाज आला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी ठेवला. कप बशीत गेला, हात मागे आला, आणि मग आवाज. चुकीच्या डबिंगच्या सिनेमासारखा. बाबांच्या चेहऱ्यावर भीती शोधत ती बघत राहिली, पण तिथं वेगळंच काही उमटलं: त्यांचं जुनं, कामावरचं तोंड. त्यांनी दोन्ही हात वर धरले. हात एकमेकांवर आले. टाळी नंतर वाजली.

"आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो," ते म्हणाले. ओठ आधी हलले. "तुझ्या फोनमध्ये घड्याळ आहे ना? लाव. माप संपलं म्हणून मोजायचं थांबायचं नसतं, घाईबाई."

अर्धा सेकंद. एकशे सत्तर मीटर. शुक्रवारपर्यंत सव्वा सेकंद झाला. तिनं जवळ जाऊन त्यांचा हात हातात घेतला. हात उबदार होता, अंगठ्यावर टेपनं पडलेला जुना घट्टा तिला लागत होता. तिनं तो घट्ट दाबला. बाबा खिडकीबाहेर बघत होते, बघत राहिले. मग हळूच वळून म्हणाले, "हं. धरलास हात."

कुणाला सांगायचं? काय सांगायचं? वडील समोर बसलेत, जेवतात, हसतात, आणि चारशे मीटर लांब आहेत? रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलायला दहा जणांना हाका मारणारी ती मुलगी; अन्याय दिसला की अर्ज लिहायला बसणारी. इथं अर्ज कुणाच्या नावानं करणार? तिनं खुर्ची स्टुलाजवळ ओढली. टेपनं एक मीटर झालं. टाळीला फरक पडला नाही.

७

तिनं आणखी एक रोल काढला. का काढला ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित दहाच फोटो निघतात म्हणून, म्हणजे कुठंतरी थांबावं लागतं म्हणून. रिंग शेवटच्या टोकाला लावून तिनं दहाही फोटो लागोपाठ घेतले. बाबा पूर्ण वेळ लेन्सकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "हसू का?" ओठ हलल्यानंतर ते ऐकू आलं तेव्हा ते आधीच हसत होते.

फिल्म वाळली. तिनं भिंग ठेवलं. खिडकीबाहेरच्या लांबच्या टेकड्या सुईच्या टोकासारख्या स्पष्ट होत्या. खिडकीची चौकट, खुर्ची, जमीन, सगळं धुक्यात.

पहिल्या फोटोत बाबा समोर बघत होते. दुसऱ्यात मान किंचित वळली होती, कुणी मागून बोलावल्यासारखी. तिसऱ्यात गाल. पाचव्यात कान. ती भिंग सरकवत गेली आणि तिला वाटलं, निगेटिव्ह इतकी मोठी नसती तर बरं झालं असतं. छोट्या फिल्मवर हे दिसलंच नसतं, काहीतरी डाग म्हणून सोडून देता आलं असतं.

दहाव्या फोटोत बाबांची पाठ होती. शर्टाच्या शिवणी दिसत होत्या. ते बसलेले नव्हते. आणि पायांत बूट होते.

ती वळली. खुर्चीत बाबा अनवाणी बसले होते, तिच्याकडे तोंड करून.

वहीतलं पान तिनं फाडलं नाही. फक्त निगेटिव्हच्या आकाराची ओळ डावीकडून खोडून उजवीकडे लिहिली.

८

मग तिला एकच गोष्ट सुचली आणि सुचल्याबरोबर ती उठली. दुरुस्तीवाल्यानं मागे दाखवलं होतं: वरची पट्टी काढली की आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की पिवळ्या चौकोनातली प्रतिमा हवी तिथं आणता येते. तो बिघडवायचा. बाबांवर लावला की दोन दाखवेल असा करायचा. हा प्रकार कॅमेऱ्यापासून सुरू झाला ना? मग कॅमेऱ्यालाच दोन म्हणायला लावायचं. मूर्खपणा होता. पण हात बांधून बसण्यापेक्षा मूर्खपणा बरा.

"बाबा, मी हा मुद्दाम चुकवून आणते. तो दोन म्हणेल. चालेल?"

ती थांबली. घड्याळ लावलेलं नव्हतं, पण तिनं मनात अंक मोजले. सहा झाले. आयुष्यभर खोट्या मापाशी भांडलेला माणूस आता काय म्हणणार, ते तिला ठाऊक होतं.

बाबांचे ओठ हलले. मग बऱ्याच वेळानं आवाज आला, शांत, "चालेल. एखाद्या वेळी सांगावा लागतो खोटा आकडा."

ती कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडली. दार ओढून घेतलं, जिना उतरली, फाटकाची कडी काढली, आणि तिथं, अगदी कानाशी बोलावं तसं तिला ऐकू आलं, "जपून जा."

रस्त्यात ती एकदाच थांबली. एखाद्या वेळी, म्हणजे कुठल्या वेळी? कानात तो ग्रीसचा ओलसर आवाज आला, लांबलचक जाणारा आणि मग उलटा येणारा. तिनं पाय उचलले. विचार करत उभं राहायला वेळ नव्हता.

दुरुस्तीवाला दुकानातच होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. तो नुसता बघत राहिला. मग कानामागे तळवा धरून म्हणाला, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं: स्क्रू, दोन मीटर, मुद्दाम. या वेळी त्याला कळलं असावं. खांदे उडवून त्यानं वरची पट्टी काढली, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं, बारीक स्क्रूड्रायव्हर आत घातला.

"आधी मूळ माप कुठं आहे ते बघून घेऊ," तो म्हणाला. "राहा उभ्या. मागच्या वेळी होतात तिथंच."

ती तिथंच होती. पोट काउंटरच्या कडेला टेकलेलं, दोन्ही तळवे काचेवर, तळव्यांखाली काच थंड. त्यानं भिंग परत वर सारलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग फिरवायला लागला. एक. दोन. त्याची बोटं थांबली नाहीत. पाच. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, आकड्यांकडे बघत होती. तोंड उघडून काहीतरी म्हणालीही, पण त्यानं ऐकल्यासारखं दाखवलं नाही. रिंग टोकाला जाऊन टेकली.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, डोळे चोळले, तिच्या डोक्यावरून कुठंतरी लांब बघितलं आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, "अहो ताई, तिकडे कुठं उभ्या राहिलात? इकडे या ना, काउंटरपाशी!"